डोंगरात कुटुंबासह आठवडाभराची सुट्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंगरातली सुट्टी कुटुंबातल्या सगळ्यात संथ माणसाच्या चालीने आखावी, असं माझं ठाम मत आहे. तो माणूस चार वर्षांचा असेल किंवा सत्तरीचा. त्याला झेपेल असा बेत बाकी सगळ्यांनाही झेपतो, आणि त्याचं बिनसलं की सगळ्यांच्याच आठवड्याचं बिनसतं. पुढची बहुतेक उत्तरं याच धोरणाने दिली आहेत.

सात दिवसांत किती ठिकाणं बसवावीत?

मुक्काम एकाच ठिकाणी करा, फार तर दोन. सात दिवस म्हटले तरी जाण्या-येण्याचे दोन वजा होऊन हातात पाचच उरतात. मुक्काम हलवायचा म्हणजे बॅगा भरा, खोली सोडा, घाट उतरा, दुसरा घाट चढा, पुन्हा खोली ताब्यात घ्या. त्यात एक अख्खा दिवस जातो आणि लहान मुलांच्या वाट्याला फक्त गाडीची काच येते. शिवाय डोंगरातलं अंतर फसवं असतं. शेजारच्या खोऱ्यातलं गाव नकाशावर हाताच्या अंतरावर दिसतं, पण मध्ये डोंगराची धार असते आणि रस्ता तिला वळसा घालून जातो. म्हणून अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका. किती तास लागतात ते विचारा, तेही तिथे रोज गाडी चालवणाऱ्याला.

दोन मुक्काम करायचेच असतील तर आधी कमी उंचीवरचा, मग जास्त उंचीवरचा. शरीराला चढत्या उंचीची सवय होते.

मग एकेका दिवसाची आखणी कशी करावी?

पोहोचलेल्या दिवशी काहीही ठेवू नका. खोली लावा, गरम पाण्याने हातपाय धुवा, जवळपास एक फेरी मारा आणि लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी सोपं आणि जवळचं काही ठेवा. मोठी सहल, म्हणजे रोपवे, लांबची पायवाट किंवा उंचावरचा घाट, तिसऱ्या दिवशी. चौथा दिवस मोकळा. पाचव्या दिवशी दुसरी मोठी सहल. सहावा दिवस राखीव, म्हणजे तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी हवा बिघडली तर तो बेत इथे ढकलता येतो.

मोकळ्या दिवसाला घरातून विरोध होतो. ‘एवढे पैसे खर्चून नुसतं बसायचं?’ असं कुणीतरी म्हणतंच. तरीही तो दिवस सोडू नका. त्या दिवशी मुलं ओढ्याकाठी दगड रचत दोन-दोन तास रमतात, मोठ्यांची दुपारची झोप होते आणि ओले बूट वाळतात. पाचव्या दिवशीच्या चढणीला लागणारी ताकदही तिथूनच येते.

रोजच्या वेळापत्रकात जे महत्त्वाचं ते सकाळी उरका. उन्हाळ्याच्या दिवसांत डोंगरावर दुपारी ढग भरून येणं, गडगडाट होणं नेहमीचं. सकाळी हवा स्वच्छ असते, लांबची शिखरं दिसतात आणि गर्दीही कमी असते.

कोणत्या हंगामात जावं?

शाळेची सुट्टी हाच बहुतेकांचा हंगाम असतो, तेव्हा निवडीला फारसा वाव नसतो. वाव असेल तर गर्दीच्या हंगामाच्या थोडं आधी किंवा नंतर जा. जागा स्वस्त मिळते आणि माणसांना तुमच्याशी बोलायला वेळ असतो. पण या मधल्या काळात एक अडचण येते: पुष्कळ ठिकाणी रोपवे देखभालीसाठी बंद असतात, उंचावरच्या खिंडी बर्फाने अडलेल्या असतात. ज्या एका गोष्टीसाठी जाणार आहात, ती त्या तारखांना सुरू आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

भर पावसात दरडी कोसळणाऱ्या भागात मुलांना घेऊन जाऊ नये. हिरवळ कितीही मोहात पाडो, रस्ता बंद झाला की अडकून पडणं हे त्यांच्यासाठी फार त्रासाचं असतं.

उंचीचा त्रास कधीपासून होतो, आणि तो कसा ओळखायचा?

साधारण २,५०० मीटरच्या वर मुक्काम असेल तर हा विचार आधी करा. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही तेच असतं, पण हवेचा दाब घटतो, त्यामुळे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी होतो. ३,००० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो.

त्रास पोहोचल्या पोहोचल्या होत नाही, बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो. म्हणून पहिल्या संध्याकाळी सगळे मजेत असतात आणि रात्री कुणाचं तरी डोकं ठणकू लागतं. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, थकवा, चक्कर, अशी ही लक्षणं. रोज व्यायाम करणाऱ्यालाही हा त्रास होतो. तंदुरुस्ती यापासून वाचवत नाही.

अशा वेळी त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. विश्रांती घ्या, पाणी प्या, साधं जेवा. त्रास वाढत गेला तर खाली उतरा. आणि बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, चालताना तोल जात असेल किंवा बोलणं असंबद्ध होत असेल तर सकाळची वाट बघू नका. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठू लागल्याची ही चिन्हं असू शकतात. लगेच खाली उतरणं आणि दवाखाना गाठणं हाच त्यावर उपाय आहे.

टाळण्याची रीत सोपी आहे. वर जायला घाई करू नये. ३,००० मीटरच्या पुढे रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपायला आलं तर फारसं बिघडत नाही. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, पेरूमधलं कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर. अशा ठिकाणी विमानाने थेट उतरणार असाल तर पहिले दोन दिवस आरामासाठीच धरून चाला. त्या दोन दिवसांत दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा. उंचीसाठी ॲसिटाझोलामाइड हे औषध दिलं जातं, पण ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते त्यांना नक्की सांगा.

लहान मुलाला त्रास होतोय हे कसं कळणार?

बोलता न येणारं मूल डोकं दुखतं असं सांगू शकत नाही. ते विनाकारण किरकिर करतं, जेवत नाही, खेळत नाही, झोपत नाही. नव्या जागेमुळे असेल, असं म्हणून आपण सोडून देतो. उंचीवर असताना मात्र दुसरं कारण सापडेपर्यंत ही उंचीचीच लक्षणं समजा आणि खाली या. मुलांना हा त्रास मोठ्यांइतकाच होतो; फरक एवढाच की त्यांचं कळायला उशीर लागतो.

तान्ह्या बाळाला रोपवेने उंच न्यावं का?

थोड्या उंचीपर्यंत हरकत नाही. पण काही रोपवे फार झपाट्याने वर नेतात. फ्रान्समधलं शामोनी १,०३५ मीटरवर आहे आणि तिथला एग्विय द्यू मिदीचा रोपवे सुमारे २० मिनिटांत ३,७७७ मीटरवर पोहोचवतो. तान्ह्या बाळासाठी हा बदल फार मोठा आहे. अशा वेळी दोघांपैकी एकाने बाळाजवळ खाली थांबावं, दुसऱ्याने जाऊन यावं, मग अदलाबदल करावी.

आजी-आजोबांना न्यायचं आहे. काय काळजी घ्यावी?

जरूर न्या. जाण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना गावाचं नाव सांगू नका, उंचीचा आकडा सांगा; त्यावरून त्यांना नेमकं काही सांगता येतं. हृदयविकार, फुप्फुसांचा आजार किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारणं टाळू नये. गरोदर सुनेसाठी किंवा लेकीसाठीही हेच.

रोजच्या गोळ्या लागतील त्यापेक्षा तीन-चार दिवसांच्या जास्त घ्या, कारण रस्ता बंद झाला तर मुक्काम वाढतो. त्या दोन वेगळ्या पिशव्यांत विभागून ठेवा. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, म्हणून कडाक्याच्या थंडीत ते अंगाजवळच्या खिशात ठेवावं. साखर मोजायचं यंत्र थंडीत आणि उंचीवर चुकीचा आकडा दाखवू शकतं. आकडा आणि प्रकृती यांचा मेळ बसत नसेल तर यंत्र ऊबेला ठेवून पुन्हा तपासा. दम्याचा पंप बॅगेच्या तळाशी टाकू नका. थंड, कोरड्या हवेने दमा उसळतो, तेव्हा तो हाताशी लागतो.

आणि त्यांना फक्त ‘तुम्ही खोलीवर आराम करा’ असं सांगून निघून जाऊ नका. गाडी थेट जाते अशी एक छान जागा रोजच्या बेतात ठेवा. नातवंडांबरोबर त्यांनाही काहीतरी पाहिल्याचं समाधान मिळायला हवं, त्यासाठीच ते आलेले असतात.

घाटात मुलांना गाडी लागते. काय करायचं?

दोन ते बारा या वयात गाडी लागण्याचं प्रमाण जास्त असतं. गाडी हलत असते पण डोळ्यांना पुस्तक किंवा मोबाइल स्थिर दिसतो, आणि कानातला तोल सांभाळणारा भाग वेगळंच सांगतो. या गोंधळातून मळमळ सुरू होते. म्हणून घाट लागला की मोबाइल बंद, आणि नजर समोर लांबवर. काच थोडी खाली ठेवा. रिकाम्या पोटी बसवू नका आणि पोटभर खाऊ घालूनही नको. थोडंसं कोरडं काहीतरी द्यावं. गोळी द्यायची असेल तर ती डॉक्टरांना विचारून, घाट लागायच्या आधी अर्धा-एक तास. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात टिकत नाही. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत.

पिशव्या, ओला रुमाल आणि बदलायचा एक सदरा डिकीत ठेवू नका, पुढच्या सीटखाली ठेवा. या तीन गोष्टी लागतात तेव्हा हाताशी दहा सेकंदसुद्धा नसतात.

कानाला दडे बसतात त्याचं काय?

बाहेरचा दाब झपाट्याने बदलल्यामुळे ते होतं, आणि चढताना होतो त्यापेक्षा उतरताना त्रास जास्त होतो. जांभई द्या, आवंढा गिळा, मोठ्या मुलांना चघळायला काही द्या. तान्ह्या बाळाला उतरताना पाजत राहावं. सर्दी झालेली असेल तर सावकाश उतरा.

स्वतःची गाडी न्यावी का?

घाटात गाडी चालवण्याची सवय असेल तर न्यावी; मुलांसोबत हवं तिथे थांबता येतं. सवय नसेल तर खालीच गाडी ठेवून तिथला चालक घ्या. डोंगरात एक माणूस सतत ताणाखाली असला तर त्याची सुट्टी होत नाही.

चढताना इंजिन कमी पडतं असं वाटलं तर घाबरू नका. विरळ हवेमुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. खरी परीक्षा उतारावर असते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि धरेनासा होतो. ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा आणि इंजिनाला वेग आवरू द्या. न्यूट्रलमध्ये गाडी कधीही सोडू नका. जळका वास आला तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि चाकं निवू द्या. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा घाटातला जुना शिरस्ता आहे.

पेट्रोल पायथ्याशीच भरा, नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा. गाडी शेवटपर्यंत जाते का, हेही विचारा. स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना प्रवेश नाही. गाडी अलीकडच्या टॅशला ठेवून पुढे रेल्वेने जावं लागतं. चार बॅगा आणि बाबागाडी घेऊन हे ऐनवेळी कळलं तर पंचाईत होते.

राहायची जागा निवडताना कोणते प्रश्न विचारावेत?

फोटोत दिसत नाही ते विचारा. गाडी उभी करायच्या जागेपासून खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत? उतारावरच्या इमारतीत ‘तळमजला’ म्हणजे रस्त्याच्या खाली दोन जिने असू शकतो. गुडघेदुखी असलेल्या माणसाला दिवसातून चार वेळा ते चढणं म्हणजे शिक्षा. गरम पाणी दिवसभर येतं की ठरावीक वेळात? ऊब खोलीत आहे की फक्त बैठकीच्या दालनात? वीज गेली तर काय सोय? गॅलरीचा कठडा किती उंच आहे आणि गजांत किती अंतर आहे? जवळचा दवाखाना किती वेळाच्या अंतरावर आहे आणि रात्री तिथे डॉक्टर असतात का?

याशिवाय उन्हाची दिशा बघा, ही गोष्ट फार थोडे लोक बघतात. उत्तर गोलार्धात डोंगराच्या दक्षिणेकडच्या उतारावर ऊन जास्त वेळ राहतं. तिथल्या खोल्या कोरड्या आणि ऊबदार असतात, कपडे वाळतात. उत्तरेच्या उतारावर गारठा आणि ओल टिकते. अगदी दरीच्या तळाशी असलेली जागा ओढ्याकाठी म्हणून सुंदर वाटते, पण थंड हवा जड असल्याने रात्री ती घरंगळत तिथेच साठते. त्यातून दरी अरुंद असेल तर सूर्य उशिरा दिसतो आणि लवकर मावळतो. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी तळ सोडून थोडं वर, उन्हाच्या उतारावर राहीन, दृश्य थोडं कमी असलं तरी.

खोलीत शेगडी किंवा गॅसचा हीटर लावून झोपलं तर चालेल का?

अजिबात नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. ऊब हवी असेल तर विजेचा हीटर, गरम पाण्याची पिशवी आणि जास्तीचं पांघरूण मागून घ्या. यात कुणाची भीड बाळगू नका.

कपडे किती आणि कोणते?

दर हजार मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. पायथ्याशी ३० अंश असेल तर २,००० मीटर वर १७ च्या आसपास, आणि वारा सुटला की त्याहून थंड वाटतं. एक जाड कोट नेण्यापेक्षा तीन पातळ थर न्या: अंगालगत घाम शोषून लवकर वाळणारा, मध्ये लोकरीचा किंवा फ्लीसचा, वर वारा-पाऊस अडवणारा. चढताना एक काढा, थांबलात की घाला. मुलं घाम येईपर्यंत कपडे काढत नाहीत आणि मग तोच घाम गार होऊन ती कुडकुडतात. सुती कपडा भिजला की ऊब देत नाही आणि वाळतही नाही.

बूट नवे कोरे नेऊ नका. दोन-तीन आठवडे आधी घेऊन घरात, बाजारात वापरा. मोजे मात्र मोजूनमापून नको, भरपूर न्या.

चढताना खाऊची बंद पाकिटं टम्म फुगतात, कारण आतली हवा पायथ्याच्या जास्त दाबाची असते. मुलांना ते दाखवा, शाळेतलं विज्ञान हातात येतं. पण त्याच कारणाने शाम्पूच्या आणि क्रीमच्या बाटल्या झाकण उघडताच फसकन बाहेर येतात. त्या अर्ध्याच भरा आणि पिशवीत गुंडाळा.

थंडी असताना सनस्क्रीनची खरंच गरज आहे?

आहे. दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही भाजतं. हवा गार असल्याने ते जाणवत नाही, संध्याकाळी चेहरा लाल झाल्यावर कळतं. पातळ ढग असले तरी किरणं येतातच. एसपीएफ ३० किंवा जास्त, दर दोन तासांनी, आणि बर्फात सगळ्यांना, मुलांनासुद्धा, अतिनील किरण अडवणारे गॉगल.

मुलांसोबत किती लांबची पायवाट झेपेल?

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला. सपाटीवर तासाला सुमारे पाच किलोमीटर आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास जास्त. हा धडधाकट मोठ्यांचा हिशेब आहे, आणि त्यात थांबणं धरलेलं नाही. मुलं बरोबर असतील तर येणाऱ्या वेळेची दुप्पट करा. म्हणजे चार किलोमीटर आणि ३०० मीटर चढ असेल तर हिशेब सव्वा तासाच्या थोडा पुढे जातो, तुम्ही अडीच ते पावणेतीन तास धरा, तेही एका दिशेचे.

मुलाला ‘शिखर’ हे ध्येय पुरत नाही. झरा, पूल, मोठा खडक, अशी एखादी गोष्ट दर अर्ध्या तासाने येईल अशी वाट निवडा. परत फिरायची वेळ घड्याळात आधीच ठरवा आणि ती झाली की जिथे असाल तिथून मागे फिरा, शिखर समोर दिसत असलं तरी.

वाटेत विजा कडाडू लागल्या तर?

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर लगेच आसरा घ्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडू नका. पक्की इमारत किंवा पत्र्याच्या टपाची बंद गाडी हा चांगला आसरा. डोंगरधार, उघडं पठार आणि एकटं झाड टाळा. ओढ्यातून लगेच बाहेर या, कारण वरच्या अंगाला पाऊस पडला की आपल्या डोक्यावर आकाश निरभ्र असतानाही पाणी अचानक वाढतं.

खोलीला स्वयंपाकघर आहे. वर अन्न शिजायला वेळ लागतो का?

लागतो. ३,००० मीटरवर पाणी १०० ऐवजी सुमारे ९० अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात कडधान्यं शिजता शिजत नाहीत. प्रेशर कुकर आहे का ते विचारा, नाहीतर सोबत न्या. दोन वेळांपैकी एक वेळ घरचं साधं जेवण असलं की लहानांची आणि वयस्कांची पोटं आठवडाभर ठीक राहतात, आणि खर्चही आटोक्यात येतो. वर सगळा माल खालून चढून आलेला असतो, म्हणून सुका शिधा पायथ्याशी घेणं परवडतं.

प्रवासविमा घ्यावा का?

घ्यावा, आणि सही करण्याआधी तीन गोष्टी वाचाव्या: डोंगरातून सोडवून आणण्याचा खर्च, विशेषतः हेलिकॉप्टरचा, त्यात धरलाय का, उंचीची काही मर्यादा घातली आहे का, आणि स्कीइंग किंवा दोरावरचे खेळ वगळले आहेत का. आधीपासूनचे आजार लपवू नका.

मोठी मुलं कंटाळतात. त्यांना कसं गुंतवावं?

त्यांना एक दिवस आखायला द्या, खर्चाची मर्यादा सांगून. वाट, वेळ, जेवण सगळं त्यांनी ठरवायचं आणि मोठ्यांनी मागून चालायचं. नकाशा वाचणं, वाट काढणं, आजीचा वेग सांभाळणं हे एकदा त्यांच्या गळ्यात पडलं की ती मन लावून करतात. रात्री दिवे कमी असलेल्या जागी नेऊन आकाश दाखवा. त्यासाठी अमावास्येच्या जवळपासची तारीख असेल तर उत्तम. थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते हे मात्र सांगून ठेवा. तो आतल्या खिशात ठेवला की टिकतो.

परतीच्या दिवशी सकाळी काही बघून निघावं का?

नको. नाश्ता करून थेट निघा. सगळ्या गर्दीची परतीची वेळ दुपारची असते आणि घाटात तेव्हाच कोंडी होते. विमान किंवा रेल्वे पकडायची असेल तर आदल्या रात्रीच पायथ्याशी येऊन राहणं सगळ्यात चांगलं, विशेषतः पावसाचे किंवा बर्फाचे दिवस असतील तर. आदल्या संध्याकाळी बॅगा भरा, ओले बूट वेगळ्या पिशवीत टाका आणि आपला सगळा कचरा खाली घेऊन या. गारठ्यात फळांची सालंसुद्धा कुजायला फार दिवस लागतात. सुट्टीचा एक दिवस शिल्लक असेल तर तो घरी पोहोचल्यानंतरसाठी ठेवा, म्हणजे कपडे धुऊन होतात आणि मुलं झोप पुरी करून शाळेत जातात.